धारेची सुट्टी

मी एक जुना कटर आहे, मित्रांनो. तुमच्या कंपासपेटीत असतो तो चिमुकला कटर नव्हे. त्याला कृपा करून माझ्या नात्यात धरू नका. मी छापखान्यात कागद कापणारा कटर आहे. मला जागचं हलवायचं म्हटलं तर आठ-दहा माणसांना घाम फुटतो, आणि मला आत आणण्यासाठी या छापखान्याची एक भिंत पाडावी लागली होती. तुमच्या वहीच्या कडेवरून जरा बोट फिरवून बघा. कशी गुळगुळीत लागते! वही शिवून होते तेव्हा तिची पानं पुढेमागे असतात, विस्कटलेल्या केसांसारखी. माझं पातं एकदा वरून खाली आलं की गठ्ठाभर वह्यांच्या कडा एका दमात सरळ होतात. म्हणजे तुम्ही मला पाहिलं नसलं तरी माझं काम रोज तुमच्या हाताखालून जातं.

मी तसा बोलघेवडा नाही. पण आज एका माणसाच्या हातांची गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. लोखंड वितळवून साच्यात ओतलं, थंड केलं, घासलं, आणि सुटे भाग एका फिटरच्या हवाली केले. हा फिटर फार बडबड्या होता. ऐकायला कुणी नसलं की माझ्याशीच बोलायचा. त्याने माझ्या टेबलाच्या पुढच्या कडेला दोन बटणं बसवली, एक डाव्या टोकाला आणि एक उजव्या टोकाला. एकाच हाताने दोन्ही दाबायची म्हटली तर जमू नयेत इतकी दूर. बसवता बसवता तो म्हणाला, "हे बघ पैलवाना, तुला कागद काय, पुठ्ठा काय आणि माणसाचं बोट काय, सगळं सारखंच. म्हणून माणसाचे दोन्ही हात आधी या बटणांवर अडकवून ठेवायचे. हात बटणांवर आहेत म्हणजे ते पात्याखाली नाहीत. एवढं कळलं तरी तुला पुष्कळ झालं."

तेवढंच मला कळतं. दोन्ही बटणं एकदम दाबली गेली की आधी माझी दाबपट्टी खाली येऊन कागद घट्ट धरते, मग पातं उतरतं. एक जरी बटण सुटलं तरी मी जागच्या जागी थांबतो. 'पैलवान' हे नाव मात्र मला फिटरकडूनच चिकटलं. त्याने ते माझ्या बाजूला खडूने लिहून ठेवलं होतं, आणि छापखान्यात सगळ्यांनी तेच उचललं.

या छापखान्याचे थोरले मालक सावकाश माणूस होते. बोलणं सावकाश, चालणं सावकाश, रागावणंही सावकाश. माझ्यावर काम करायला त्यांनी एक तरणा माणूस नेमला. त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी राहते आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. या माणसाची नजर तशी होती. कागद केसभर तिरका असला तरी त्याला चैन पडत नसे. गठ्ठा उचलायचा, टेबलावर हलकेच आपटून चारही कडा जुळवायच्या, मागच्या पट्टीला टेकवायचा, तळहाताने पानांमधली हवा काढायची, आणि मग दोन्ही हात बटणांवर. त्याचे हात कागदावरून फिरायचे तेव्हा मला वाटायचं, हा कागदाला थोपटतो आहे.

आता एक गंमत सांगतो. थोरल्या मालकांकडे माझ्यासाठी पातं एकच होतं. कागद दिसायला मऊ, पण तो लोखंडाची धार खातो. दहा-बारा दिवसांत पातं बोथट व्हायचं, कडा फाटल्यासारख्या यायच्या. मग ओळंबा हाक द्यायचा, "मालक, पैलवानाला आता लोणीसुद्धा कापवत नाही!" पातं काढून, फळीला बांधून, गोणपाटात गुंडाळून धारवाल्याकडे जायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत यायचं. पातं नाही म्हणजे कापणी नाही, कापणी नाही म्हणजे पुढचं काहीच नाही. त्या दिवशी दुपारपासून सगळा छापखाना सुटायचा. या सुट्टीला सगळे 'धारेची सुट्टी' म्हणत.

तो दिवस मला फार आवडायचा. ओळंबा जाण्याआधी माझ्या सांध्यांमध्ये तेल सोडायचा, धूळ पुसायचा, मोटरवर हात ठेवून ती निवली का ते बघायचा. वह्या शिवणाऱ्या काकू दोरा-सुई डब्यात टाकून कागदाच्या गठ्ठ्यांवर चक्क आडव्या व्हायच्या. आणि दाराशी ओळंब्याची लेक यायची, बापाला घरी न्यायला. तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं ते अगदी योग्य होतं, कारण ती एका जागी म्हणून उभी राहायची नाही. माझ्या खाली साठलेल्या रंगीत कात्रणांचे झुबके ती गळ्यात घालायची, आणि ओळंबा तिला दोन्ही हातांनी उचलून खांद्यावर बसवायचा. दारातून बाहेर पडताना तिचं डोकं आपटू नये म्हणून तो गुडघ्यात वाकायचा. मित्रांनो, त्या अर्ध्या दिवसात कुणाचं काही बुडत नव्हतं. वह्या वेळेवर निघायच्या, आणि माणसं दुसऱ्या दिवशी हसत कामाला यायची.

मग थोरले मालक गेले आणि गादीवर धाकटे मालक आले.

ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. ते स्वतःच इतके राबायचे की बघवत नसे. उभ्या उभ्या जेवायचे, एका कानाला फोन आणि दुसऱ्या हाताने हिशेब. त्यांच्या मुलाचा वाढदिवस होऊन गेल्यावर त्यांना आठवायचा. अशा माणसाला दुसरा थकला आहे हे दिसत नाही, कारण त्याला स्वतःचाच थकवा दिसत नसतो. त्यांनी बऱ्याच शाळांच्या वह्यांचं काम घेतलं, पूर्वीच्या तिप्पट. आणि पहिल्याच आठवड्यात एक लांबट खोकं घेऊन आले. त्यात माझ्यासाठी दुसरं पातं होतं.

"आता काम अडायचं कारण नाही," ते म्हणाले. "एक धारेला गेलं की दुसरं चढवायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. धारेची सुट्टी त्या दिवशी संपली. कुणी कुरकुरलंही नाही, कारण ती सुट्टी कुणी लिहून दिलेली नव्हती. ती आपोआप मिळत होती आणि आपोआप गेली. तेलही गेलं. मोटरवर हात ठेवायला कुणाला सवड राहिली नाही.

काम वाढलं तसा ओळंबा ईर्ष्येला पेटला. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या नंतर जायचा. जिवाचं रान करणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. धाकटे मालक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. "वा रे वा! तू माणूस नाहीस, यंत्र आहेस यंत्र!" ओळंब्याचा चेहरा उजळायचा. छापखान्याच्या दारावर त्याचा फोटो लागला आणि खाली लिहिलं, 'न थकणारा'. त्याला असं हरभऱ्याच्या झाडावर चढवताना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, इथे मला बोलायचं आहे. मी यंत्र आहे. खरंखुरं, ओतीव लोखंडाचं. आणि मी तुम्हाला सांगतो की यंत्र थकतं. माझी मोटर तापते, माझे सांधे कोरडे पडतात, माझं पातं बोथट होतं. मला तेल लागतं, धार लागते, निवायला वेळ लागतो. जे लोक कौतुकाने माणसाला यंत्र म्हणतात, त्यांनी आयुष्यात एकही यंत्र नीट सांभाळलेलं नसतं.

त्या दिवसांत मी करकरायला लागलो होतो. दर उतरणीला माझ्या डाव्या बाजूतून आवाज यायचा. त्यावर इलाज म्हणून छापखान्यातल्या लोकांनी रेडिओ मोठा लावला.

ओळंब्याचंही असंच झालं. आधी त्याचे डोळे लाल झाले. मग त्याचं जेवण सुटलं; डबा यायचा तसा परत जायचा. मग त्याचे ते थोपटणारे हात थरथरायला लागले. कडा जुळवताना पानं निसटायची, तो पुन्हा आपटायचा, पुन्हा निसटायची. एकदा दुपारी भिंगरी डबा घेऊन आली. माझ्याजवळ येऊन तिने बापाचा सदरा ओढला. "बाबा, आज चित्रकलेत माझा पहिला नंबर आला." ओळंब्याला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा ओढला. तो एकदम वळला आणि ओरडला, "कळत नाही का तुला, काम चाललंय ते? जा घरी!"

भिंगरी गेली. ती चालत गेली, गिरकी न घेता. माझ्या खाली रंगीत कात्रणांचा ढीग होता, तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

शिवणाऱ्या काकूंनी हातातली सुई खाली ठेवली. "अरे, पोरीला काय बोललास ते तुला तरी कळलं का?"

"काकू, एवढा हंगाम जाऊ द्या. मग घरीच आहे."

"मागच्या हंगामालाही तू हेच म्हणाला होतास. आरशात बघ जरा. हाडांची काडं झालीत."

"मला काही होत नाही. मालक काय म्हणतात, ठाऊक आहे ना?"

"मालक म्हणतात म्हणून काय तू लोखंडाचा झालास?" काकूंनी सुई पुन्हा उचलली. त्यांच्यापुढेही वह्यांचा डोंगर होता. कुणाला समजावत बसायला त्यांना तरी वेळ कुठे होता!

आणि मग ओळंब्याने ती युक्ती केली. हात थरथरत असल्यामुळे गठ्ठा जुळवला तरी हात बटणांकडे नेईपर्यंत वरची पानं सरकायची. कट तिरका जायचा. आयुष्यात ज्याचा एक कागद तिरका गेला नाही, त्याचे गठ्ठेच्या गठ्ठे तिरके जायला लागले. त्याला ते सहन होईना. त्याने सायकलच्या फाटक्या ट्यूबची एक पट्टी कापली आणि माझं उजवं बटण दाबून बांधून टाकलं. आता डावं बटण दाबलं की मी चालायचो, आणि उजवा हात शेवटपर्यंत कागद धरून ठेवायला मोकळा राहायचा. कडा पुन्हा सरळ यायला लागल्या. वेगही वाढला.

छापखान्यातल्या प्रत्येकाने ती पट्टी पाहिली. पुठ्ठे चिकटवणाऱ्याने पाहिली आणि "डोकं आहे बुवा!" म्हणाला. धाकट्या मालकांनीही पाहिली. ते क्षणभर थांबले. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते मला स्पष्ट दिसलं. "जपून हं," एवढं म्हणून ते फोन घेत निघून गेले. सगळ्यांनीच कानाडोळा केला, कारण शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते.

ती दुपारची वेळ होती. बाहेर लख्ख ऊन, आत पंख्यांची घरघर. डबा न उघडता तसाच खिडकीत ठेवलेला होता. ओळंब्याने गठ्ठा लावला, उजव्या हाताने तो धरला, आणि त्याचा डोळा लागला. फार वेळ नाही. पापणी मिटून उघडायला लागतो त्याहून थोडासाच जास्त. तेवढ्यात त्याचा डावा हात आपल्याच वजनाने बटणावर पडला. उजवं बटण तर बांधलेलंच होतं. मला वाटलं, दोन्ही बटणं दाबलेली आहेत म्हणजे दोन्ही हात बटणांवर आहेत.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. उजव्या हाताची चार बोटं गेली.

तो ओरडला नाही. त्याने आधी कागदाकडे बघितलं. सगळ्या वह्या भिजून लाल झाल्या होत्या. "अरेरे," तो हळूच म्हणाला, "सगळा गठ्ठा वाया गेला." मग तो खाली बसला. किंकाळी फोडली ती शिवणाऱ्या काकूंनी.

त्यानंतर मी कितीतरी दिवस बंद होतो. चौकशीला माणसं आली, बघून गेली, पुन्हा आली. वर्षभरातल्या धारेच्या सगळ्या सुट्ट्या एकत्र केल्या असत्या तरी त्यापेक्षा जास्त दिवस छापखाना शांत राहिला. शाळांचं काम दुसरीकडे गेलं. धाकट्या मालकांनी ट्यूबची पट्टी स्वतःच्या हातांनी काढली आणि ती मुठीत धरून माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिले. फोन वाजत होता. त्यांनी तो पहिल्यांदाच घेतला नाही.

एके दिवशी भिंगरी आणि तिची आई ओळंब्याचे कपडे आणि चपला न्यायला आल्या. आई दवाखान्यातून थेट आली होती. तिचे डोळे सुजलेले होते. ती कपडे गोळा करायला लागली. भिंगरी काकूंपाशी गेली.

"काकू, बाबाला कुणी थांब म्हटलं नाही का?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "म्हटलं होतं गं. पण हळू म्हटलं."

मित्रांनो, ते तीन शब्द मी अजून विसरलेलो नाही.

ही गोष्ट इथेच संपली असती तर मी ती मनातच ठेवली असती. पण छापखाना पुन्हा सुरू झाला. मला पुसलं, तेल घातलं, नवा माणूस आणला. अंगाने सडपातळ, हाताला चपळ. पहिलं वर्ष सगळे जपून वागले. दुसऱ्या वर्षी काम वाढलं. तिसऱ्या वर्षी त्या माणसाने लाकडाची एक छोटी पाचर तासली आणि माझ्या उजव्या बटणाच्या फटीत ठोकून बसवली. त्याला ती युक्ती कुणी शिकवली नव्हती. थकलेल्या माणसाला ती आपोआप सुचते.

त्याच आठवड्यात ओळंबा आला. वाटेने जाता जाता सहज डोकावावं तसा आला. केस पिकलेले, उजवा हात खिशात. काकू लगबगीने उठल्या, धाकटे मालक आपल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. ओळंबा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याची नजर पाचरीवर गेली. तो रागावला नाही. त्याने नव्या माणसाला विचारलं,

"लग्न झालंय का तुझं?"

"झालंय की. मुलगी आहे, आठ महिन्यांची."

"उचलून घेतोस की नाही तिला?"

नवा माणूस ओशाळून हसला. "कुठे जमतं, दादा? मी निघतो तेव्हा ती झोपलेली, परत जातो तेव्हाही झोपलेली. एवढा हंगाम होऊ दे, मग घेईन."

ओळंब्याने खिशातला हात काढला आणि माझ्या टेबलावर, पांढऱ्या कागदाच्या गठ्ठ्यावर ठेवला. अंगठा आणि तळवा, एवढंच होतं. 

"मी माझ्या लेकीला दोन्ही हातांनी शेवटचं कधी उचललं," ओळंबा म्हणाला, "ते मला आठवत नाही. खूप आठवून बघतो. उचललं तर असणारच. पण त्या दिवसांत मी इतका दमलेला असायचो, की ते माझ्या लक्षातच राहिलं नाही. बोटं गेली त्याचं मी सोसतो रे. हे सोसवत नाही."

एवढं बोलून त्याने हात परत खिशात घातला आणि तो गेला.

नवा माणूस माझ्या उजव्या बटणाकडे वळला. मग त्याने पाचर हलवून हलवून उपटली आणि कात्रणांच्या ढिगात टाकून दिली. त्या दिवशी वह्या कमी निघाल्या. धाकटे मालक येऊन ढीग बघून आपल्या खोलीत परत गेले. पुढच्या हंगामात तो दुसरी पाचर तासेल की नाही, ते मी खात्रीने सांगू शकत नाही. मी इतकं पाहिलं आहे की खात्री देण्याचं माझं धाडस होत नाही.

मित्रांनो, मी कटर आहे, मला उपदेश शोभत नाही. पण तुमच्या घरातही कुणीतरी असं असेल. आई असेल, बाबा असतील, थोरली ताई असेल. त्यांचं जेवण सुटलं असेल, तुमचं बोलणं त्यांच्या कानावर पडूनही पोचत नसेल, आणि 'एवढं संपू दे, मग' हे त्यांच्या ओठांवर असेल. उद्या तुम्हीही मोठे व्हाल, तुमच्याही पाठीवर थाप पडेल, आणि तुम्हाला ती गोड लागेल. काम वाईट नाही. कामामुळेच तर मी आणि ओळंबा एकमेकांना भेटलो. पण कामाला एक काठ असावा लागतो, आणि तो काठ आपोआप पडत नाही. तो कुणीतरी आखावा लागतो.

म्हणून तुमच्या माणसाला थांब म्हणा. हळू म्हणू नका. त्याने ओरडून घालवलं तरी परत जा, सदरा ओढा, हात धरा, आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणा.